उरले सहा किलोमीटर

घोडेगावात शुक्रवारी दिवसा म्हशी येतात आणि रात्री माणसं. आल्या आल्या दोघांनाही आधी पाणी लागतं आणि मग अंग टाकायला जागा. म्हशीचा भाव मात्र चारचौघांत होतो. माणूस आपला सौदा मनातल्या मनात करून आलेला असतो, आणि ज्याच्याशी तो करायचा, तो अजून सहा किलोमीटर लांब असतो.

२८ मार्च २०२५ च्या शुक्रवारी दोन्ही पाहायचं ठरवलं. सकाळी नगरहून एसटीने घोडेगावला गेलो, बाजार हिंडलो, दुपारच्या गाडीने परत आलो आणि रात्री आठला नगरच्या डीएसपी चौकातून तीच वाट पायी धरली. एसटीला तासभर लागला होता, मला साडेनऊ तास लागले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ‘नगरहून आले का?’ असंच विचारलं, म्हणून मीही इथे नगरच म्हणतो.

घोडेगाव नेवासे तालुक्यात. नगरहून संभाजीनगरकडे निघालं की तेहतीस-चौतीस किलोमीटरवर. तिथल्या चौफुल्यावर डावीकडे वळलं की सहाएक किलोमीटरवर शनिशिंगणापूर. गाडीत बसून येणाऱ्यांना घोडेगाव म्हणजे ‘शिंगणापूरचा फाटा’. काच खाली करून एकदा विचारायचं, ‘हाच ना रस्ता?’, आणि वळायचं. चालत येणाऱ्याला मात्र हा फाटा नसतो. तो त्याचा शेवटचा टेका असतो.

नेमकी हीच रात्र निवडली त्याला कारण होतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला अमावस्या लागत होती आणि शनिवारी दुपारी साडेचारच्या आसपास संपत होती, म्हणजे चोख शनिअमावस्या. रविवारी ३० तारखेला गुढीपाडवा. त्यात शनिवारीच शनी कुंभेतून मीनेत जाणार होता. पंचांगवाल्यांच्या भाषेत मकरेची साडेसाती संपणार आणि मेषेची सुरू होणार. आमच्या जथ्यात दोन्हीकडचे लोक होते. केडगावकडचे एक काका मकरेचे. २०१७ पासून सोसलं म्हणाले, आता सुटलो, आभार मानायला चाललोय. एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा मेषेचा. त्याचं म्हणणं, आपला अर्ज आधीच टाकून ठेवलेला बरा. एक सुटलेला, एक अडकणारा, आणि दोघंही रात्रभर एकाच बिस्किटाच्या पुड्यातून खात होते.

सकाळचा बाजार आधी सांगतो, कारण रात्री त्याचाच उपयोग झाला. घोडेगावचा जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव या दोन गोष्टींसाठी गावाचं नाव लांबवर माहीत आहे. मुऱ्हा, जाफराबादी, गावठी, सगळ्या म्हशी दावणीला लागलेल्या. कुणी कास चाचपतंय, कुणी सड मोजतंय, कुणी ओठ वर करून दात बघतंय. एक म्हातारे शेतकरी एका म्हशीभोवती तीनदा फिरले, काहीच बोलले नाहीत, आणि शेवटी हेड्याला म्हणाले, ‘जरा चालवून दाखव.’ पन्नास पावलं म्हैस पुढे गेली, पन्नास मागे आली. म्हाताऱ्यांची नजर तिच्या खुरांवरून हलली नाही. ‘डावा मागचा हलका टाकती,’ म्हणाले आणि पुढच्या दावणीला गेले. त्याच गावाच्या चौफुल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मीही डावा हलका टाकत आलो, तेव्हा ते म्हातारे तिथे नव्हते हे बरं झालं.

कांद्याकडे बोलणं वेगळंच चाललं होतं. गोण्यांच्या थप्पीला टेकून उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडी ‘एक तारीख’ हाच शब्द. कांद्यावरचं वीस टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून उठणार, असं केंद्राने २२ मार्चला जाहीर केलं होतं. भाव वाढतील की व्यापारी आधीच पाडून घेतील, यावर चहाचे दोन-तीन फेरे झाले. साडेसाती फक्त राशीला लागत नाही, असं एकजण म्हणाला. कुणी हसलं नाही.

रात्रीच्या जथ्यात आम्ही अकराजण. ओळख कुणाचीच कुणाशी नाही. वारीत दिंडी असते, दिंडीला क्रमांक असतो, वीणेकरी असतो, कुठे विसावा आणि कुठे मुक्काम हे ठरलेलं असतं. शनीच्या वाटेवर यातलं काही नाही. चौकात दोन माणसं पायी जाणारी दिसली की तिसरा विचारतो, ‘शिंगणापूर का?’, आणि जथा होतो. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरमामा होते. सगळी नोकरी याच रस्त्यावर गेलेली. प्रत्येक वळण त्यांना पाठ, पण गाडीच्या हिशेबाने. ‘आता जेऊर दहा मिनिटांवर,’ ते सांगायचे आणि आम्हाला तास लागायचा. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच कान पकडले.

शेंडीपर्यंत गप्पा चालल्या. बायजाबाईच्या जेऊरपर्यंत विनोद. इमामपूर घाटात सगळे गप्प झाले. चढाला माणूस दमतो, पण पाय बिघडतात ते उतारावर. घाट उतरताना प्रत्येक पावलाला बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. पायही तोवर सुजलेला असतो, घरी नीट बसणारा बूट वीस किलोमीटरनंतर आवळायला लागतो. म्हणून लांब चालणारे मुरलेले लोक बूट एक नंबर मोठा घेतात. मला हे माहीत होतं. तरी मी नेहमीचेच घातले होते. माहिती आणि शहाणपण यांच्यात इमामपूर घाट असतो, एवढं त्या रात्री कळलं.

दोन वाजता पांढरीपुलावर भेळ खाल्ली. पांढरीपूल आणि भेळ हे समीकरण या रस्त्यावरच्या कुठल्याही प्रवाशाला सांगावं लागत नाही. गाडीवाले ती चवीने खातात. आम्ही औषधासारखी खाल्ली, कारण घामावाटे गेलेलं मीठ कुठूनतरी परत आणायचं होतं. जथ्यात एक आई आणि तिची नर्सिंग शिकणारी मुलगी होती. मुलीने बाटलीत साखर-मिठाचं पाणी करून आणलं होतं. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ‘मीठ अंदाजाने टाकायचं नाही, मोजूनच टाकायचं,’ हे तिने दोनदा बजावलं. आईचा शनिवार धरलेला, त्यामुळे ती भेळेला शिवली नाही. पहाटेपर्यंत ती त्या पाण्यावर आणि राजगिऱ्याच्या दोन लाडवांवर आली. आम्हा सगळ्यांत तीच ताठ चालत होती.

एक गोष्ट मात्र मला घाटापासून टोचत होती. आमच्या अकरांपैकी सातजणांच्या अंगात काळे कपडे होते. शनीचा रंग काळा, त्याला वाहायचे तीळ काळे, उडीद काळे, म्हणून सदरेही काळे. रात्र अमावस्येची. रस्ता महामार्गाचा, आणि त्यावरून ऊस, कांदा, सिमेंट, कंटेनर असं सगळं धावतंय. ड्रायव्हरमामांनी हिशेब मांडला, या वेळी त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. ताशी ऐंशीने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. मंद दिव्यात काळा कपडा दिसतो तोच चाळीसएक पावलांवर. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद उलटलेला असतो. ‘मी स्टेअरिंगवर असताना तुम्हा लोकांना शिव्या घालायचो,’ मामा म्हणाले. ‘आता कळतंय की तुम्हाला गाडी दिसते म्हणून वाटतं, गाडीलाही तुम्ही दिसताय.’ त्यांनी सगळ्यांना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायला लावलं. स्वतःच्या पिशवीतला पांढरा टॉवेल सगळ्यात मागच्या पोराच्या पाठीवर टाकला.

३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनीत कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मागून गाडी घुसली आणि सात वारकरी गेले. ते संध्याकाळी चालत होते, दिंडीत होते, गटाने होते. शनीच्या वाटेवर तर ठरलेला गटही नसतो.

साडेपाचला घोडेगाव आलं.

चौफुल्यावर आमच्याआधी पोचलेले पन्नासएक लोक होते. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर ओळीने बसलेले, काहीजण आडवे होऊन पाय भिंतीला वर लावलेले. आदल्या दिवशीच्या बाजाराचं उरलेलं उसाचं वाढं कुणीतरी ओढून आणून त्याचं अंथरूण केलं होतं. शेणाचा वास, कांद्याचा वास, आणि त्यात बामाचा वास. सकाळी जिथे म्हातारबा म्हशीचं खूर बघत होते, तिथून हाकेच्या अंतरावर आता माणसं एकमेकांचे तळवे बॅटरीच्या उजेडात बघत होती.

मी बूट काढले. टाचेवर बंद्या रुपयाएवढा फोड होता, आणि करंगळीच्या कडेला अजून एक.

फोडाविषयी आपल्याकडे ज्ञान पुष्कळ आणि बरंचसं घातक. फोड येतो तो नुसत्या घासण्याने नाही. बुटातल्या घामाने कातडी मऊ होते, वरचा थर बुटाबरोबर सरकतो, आतला हाडाबरोबर जागेवर राहतो, आणि या ओढाताणीत मधला थर फाटून तिथे पाणी भरतं. वारीत सुई-दोऱ्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. फोडातून दोरा ओवायचा आणि तो आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. उपाय खरा, पण तोच दोरा बाहेरची घाण आत नेतो. आमच्या नर्सबाईंनी तो करू दिला नाही. सुई लायटरवर तापवून, सॅव्हलॉनने पुसून, फोडाच्या कडेला दोन बारीक टोचे. पाणी दाबून काढलं. वरची कातडी मात्र तशीच ठेवली. ‘तीच तुमची पट्टी आहे काका, सोलू नका.’ पलीकडे एक गृहस्थ अनवाणी आले होते आणि त्यांना मधुमेह. त्यांच्या तळव्यात काच होती. त्यांना ती लागलेलीच नव्हती. मुलीने ती काढली, धुतलं, बांधलं आणि सरळ सांगितलं, ‘आबा, नवस पूर्ण झाला. उरलेलं जीपने जायचं.’ आबा चिडले. मग बराच वेळ गप्प बसले. सात वाजता एका जीपच्या पुढच्या सीटवर बसताना मी त्यांना पाहिलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

चहाच्या टपरीवर एक मावशी होत्या. नवरा जनावरांच्या बाजारात दलाली करतो, त्या टपरी सांभाळतात. शुक्रवारी पहाटे चारला उघडलेली टपरी शनिवारी रात्रीच बंद होते, आणि शनिअमावस्या असली की बंदच होत नाही. चालणाऱ्यांविषयी त्यांचं निरीक्षण असं, की नगरपासून इथपर्यंत कुणी अर्धा तास सलग बसत नाही, इथे मात्र दोन-दोन तास बसतात. ‘सहाच किलोमीटर राहिलेत म्हणलं की माणूस सैल पडतो. बसा, चहा घ्या, पण आडवं होऊ नका. बसलेला उठतो, आडवा झालेला रिक्षा विचारतो.’

मावशींची ही गोष्ट मी पुढे तपासून पाहिली, आणि ती फक्त घोडेगावची नाही. पंढरपूरला जाणाऱ्या सगळ्या पालख्या आषाढ शुद्ध नवमीला वाखरीत जमतात. पंढरपूर तिथून सात-आठ किलोमीटर. अठरा-वीस दिवस चाललेला माणूस एका दमात जाईल, पण नाही. वाखरीत रिंगण होतं, भेटी होतात, रात्र काढली जाते, आणि दशमीला सगळे मिळून निघतात. स्पेनमध्ये सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेत शेवटी दहाएक किलोमीटर राहिले की लावाकोया नावाचं गाव लागतं. बाराव्या शतकातल्या यात्रेकरूंच्या पोथीत लिहिलंय की इथल्या ओढ्यात भाविकांनी अंगावरची धूळ धुवायची आणि मगच पुढे जायचं. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटरची अ‍ॅपलेशियन वाट आहे. धार्मिक काही नाही, नुसतं डोंगरातून चालायचं. पाच-सहा महिने चालून आलेल्यांना शेवटी मॉन्सन नावाचं चिमुकलं गाव लागतं. पुढे दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दुकान नाही, आणि मग शेवटचा डोंगर. मॉन्सनमध्ये पथारी पसरून रेंगाळणाऱ्यांच्या गोष्टी त्या लोकांत पुष्कळ आहेत. ज्या दिवशी एक पाऊलही पुढे टाकायचं नाही, त्या दिवसाला ते ‘झीरो’ म्हणतात.

देव नसला तरी माणूस शेवटच्या गावात अडतो, तेव्हा हे पायांचं दुखणं नसणार. मला वाटतं, चालताना डोक्यात जे चालू असतं ते शनीच्या चौथऱ्यासमोर चालू राहू शकत नाही हे माणसाला कळत असतं. तिथे रांग असते, लाउडस्पीकर असतो, ‘चला पुढे, चला पुढे’ असतं. रात्रभर तयार केलेली अर्जी तिथे दहा सेकंदांत उरकते. म्हणून ती आधीच, या पायरीवर, म्हणून घ्यायची. घोडेगावात मी जेवढी माणसं डोळे मिटून ओठ हलवताना पाहिली, तेवढी शिंगणापुरात पाहिली नाहीत.

तेलाची गोष्ट इथलीच. मकरेचे केडगावचे काका लाकडी घाण्यावरचं तिळाचं तेल काचेच्या बाटलीत घालून, कापडात गुंडाळून, रात्रभर या हातातून त्या हातात करत आले होते. मावशींनी बाटली पाहिली. ‘काका, सुटं तेल आता घेत नाहीत.’ खरं होतं. भेसळीच्या तेलाने शनीच्या शिळेची झीज होते म्हणून १ मार्च २०२५ पासून फक्त नामांकित कंपनीचं, शुद्ध खाद्यतेलच चालेल असं देवस्थानने ठरवलं होतं. नियमात चूक काही नाही. शिळा उघड्यावर, छप्पर नाही, तिच्यावर वर्षानुवर्षं काय काय ओतलं गेलं असेल. पण काकांचं तोंड पडलं. थोड्या वेळाने त्यांनी बूच काढलं आणि आधी स्वतःच्या पोटऱ्यांना लावलं. मग बाटली मेषेच्या पोराकडे गेली, मग ड्रायव्हरमामांकडे, मग माझ्याकडे. साडेआठला बाटली रिकामी झाली. ‘गेलं ते चांगल्या कामी गेलं,’ मावशी म्हणाल्या, आणि काकांकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

स्वच्छतागृहाचं विचारायला हवं. पुरुष कुठेही जातात. त्या आईला आणि मुलीला एका पेट्रोल पंपावर विनंती करावी लागली. तिथल्या माणसाने कुलूप काढून दिलं, त्याचे आभार. पण जिथे अमावस्येच्या एका रात्रीत एवढे पाय येतात, तिथे बायकांची सोय एका भल्या माणसाच्या किल्लीवर असावी, हे बरं नाही.

माझा जथा आठ-नऊच्या सुमाराला पुढे गेला. मी गेलो नाही. टाच हे एक कारण होतं, आणि दुसरं म्हणजे पाडव्याच्या कावडी. मी घोडेगावात झीरो घेतला. दिवसभर गावात हिंडलो, घोडेश्वरीच्या देवळात सावलीला बसलो, दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि एका दुकानाच्या ओट्यावर दोन तास झोपलो. रस्त्यावरून गाड्या मुंगीच्या चालीने शिंगणापूरकडे सरकत होत्या. इथेच ‘लटकू’ भेटतात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, गाड्यांमागे मोटारसायकलवर लागून, गाडीला अक्षरशः लटकून, पार्किंग दाखवतो, पूजेचं साहित्य इथूनच घ्या, असं म्हणणाऱ्यांना या भागात लटकू म्हणतात. वर्तमानपत्रांतही हाच शब्द छापतात. रुईच्या पानांची माळ, काळी बाहुली, नाल, खिळे असं एक ताट बनवून त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या गाडीवरून ठरवतात. पायी चालणाऱ्याच्या वाटेला ते जात नाहीत. लंगडत्या माणसाच्या खिशात काय असणार, हा हिशेब. पायी येण्याचा हा फायदा कुठल्या माहात्म्यात लिहिलेला नाही.

शिंगणापुरातल्या दरवाजे नसलेल्या घरांबद्दल इतकं लिहून झालंय, की ते सोडतो.

कावडी रात्री आल्या, उलट्या दिशेने. प्रवरासंगमाला, जिथे प्रवरा गोदावरीला मिळते, तिथून पाणी भरून पोरं नेवासे फाटा, वडाळा बहिरोबा करत घोडेगावला येतात आणि पाडव्याला त्या पाण्याने शनीला आंघोळ घालतात. (शंभू महादेवाच्या शिखर शिंगणापूरच्या कावडी वेगळ्या. त्या सातारा जिल्ह्यात, मुंगी घाटाने चढतात. नावामुळे गल्लत होते.) पाठीवर झेंडे, पायात काही नाही, गळ्यात टाळ. कावडीचा नियम एकच, ती जमिनीला टेकवायची नाही. त्यामुळे मावशींच्या टपरीवर गंमत झाली. दोघं चहा पीत होते आणि दोघं त्यांच्या कावडी खांद्यावर घेऊन उभे. मग अदलाबदल. नगरकडून आलेल्यांनी पहाटेपासून स्वतःला जमिनीवर टेकवलं होतं. यांना टेकायची मुभाच नाही. एक पोरगा उभ्या उभ्या, खांबाला पाठ लावून, कावडीसकट पाच मिनिटं झोपला. बाकीचे त्याच्याभोवती हळू आवाजात बोलत होते.

याच पाडव्याच्या पाण्यावरून २०१६ साली इतिहास घडला. बाईने चौथऱ्यावर जायचं नाही अशी तिथे रीत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी वर गेली, तेल वाहून आली, आणि वाद पेटला. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, त्यांना सुप्यालाच अडवलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की देवस्थानात प्रवेश हा बाईचा मूलभूत हक्क आहे आणि तो राखणं सरकारचं काम. दरम्यान देवस्थानने तोडगा काढला होता, कुणीच वर जायचं नाही, बाप्ये पण नाही. ८ एप्रिलला पाडवा आला. कावडीवाल्या पोरांनी बंदी मोडून चौथरा गाठला आणि पाणी घातलं. त्यावर त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला, बायकांनाही. समतेचा झेंडा घेऊन कोर्टात गेलेल्यांनी एक दार ठोठावलं होतं आणि परंपरेच्या हट्टाने पाणी घेऊन आलेल्यांनी नकळत ते उघडलं, असं मला वाटतं. ही गोष्ट मी कावडीतल्या एकाला विचारली. तेव्हा तो सहावीत होता. ‘आमचे दादा होते त्यात,’ म्हणाला. ‘बायका गेल्या तर गेल्या. पाणी जायला पाहिजे होतं, ते गेलं.’

शनिवारी सकाळी ती नर्सिंगवाली मुलगी आणि तिची आई निघताना आईने एवढंच सांगितलं होतं की ती २०१४ ला पहिल्यांदा चालत आली तेव्हा खालूनच हात जोडून परत गेली होती. मी विचारलं, मग आता वर जाणार? ‘बघू,’ म्हणाली. ‘गर्दी असली तर खालूनच.’

पाडव्याच्या पहाटे मी कावडींच्या मागे निघालो. टाचेवर नवी पट्टी, बुटांऐवजी मावशींच्या मुलाच्या जुन्या चपला, दीड नंबर मोठ्या. सहा किलोमीटरला पावणेदोन तास लागले. दोन्हीकडे ऊस, मुळा धरणाच्या पाटाचं पाणी. पूर्वेला उजाडत होतं आणि वस्त्यांवर गुढ्या उभ्या राहत होत्या. कावडीवाले पुढे पळाले, कारण शेवटचा टप्पा ते पळतच घेतात. मी मागे राहिलो. आत माझे दहा सेकंद झाले. चपला सोमवारी एसटीच्या कंडक्टरकडे देऊन घोडेगावला परत पाठवल्या, मावशींचा फोन आला की पोचल्या.

१६ मे २०२६ ला शनिवार आहे, वैशाख अमावस्या आहे आणि तीच शनिजयंती. रात्री उकाड्याने लोक अजून उशिरा निघतील आणि पहाटेपर्यंत रस्त्यावर असतील. तुम्ही गाडीने जाणार असाल तर पांढरीपूल ते घोडेगाव दिवे खाली ठेवा आणि साठच्या आत राहा. पायी जाणार असाल तर काळा सदरा खुशाल घाला, पण त्यावर पाठीवर एक पांढरा टॉवेल टाका.